बसून प्यायचं पाणी

माझ्या बिबवेवाडीच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करायला एक चाचा येतात. सगळे चाचाच म्हणतात, म्हणून नाव विचारायचं राहूनच गेलं. काम झालं की पाणी मागतात, ग्लास घेऊन पायरीवर बसतात आणि थांबत थांबत, सावकाश पितात. मी मात्र उभ्याउभ्याच बाटली तोंडाला लावते.

"ताई, बसून प्यावं. आमच्यात सुन्नत आहे, पैगंबरांनी घालून दिलेली रीत. पाणी कुठं पळून चाललंय?"

"पाणी नाही हो, गिऱ्हाईक पळतं," मी म्हणते. दर वेळी हेच.

परवा त्यांनी पिशवीतून छोटीशी बाटली काढली, दोन ग्लास मागितले आणि चक्क उभे राहिले.

"आज उभ्यानं?"

"हे झमझम, पवित्र विहिरीचं पाणी. शेजाऱ्यांनी मक्केहून आणलं. हे उभं राहून प्यायची रीत आहे."

मीही मशीनवरून उठले. दोघांना जेमतेम एकेक घोट आला.

"अहो, एवढंसंच होतं, तर घरी ठेवायचं ना!"

"घरीच होतं महिनाभर," रिकामी बाटली पिशवीत ठेवत ते म्हणाले. "एकट्यानं प्यायचं जिवावर आलं."