आबांचे दात आणि मक्याची तीन पोती

माझ्या लग्नाची सुपारी फुटली तेव्हा माझ्या वडिलांचे दात मक्याच्या पोत्यात होते. घरात पोती तीन होती आणि दात नेमके कुठल्या पोत्यात आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी घरापुरता आणि म्हशीच्या भरड्यापुरता मका राखून ठेवायचे आणि दरवर्षी त्याला सोंडे लागायचे. दाण्याला भोक, भोकात किडा आणि पोत्याच्या तळाशी नुसतं पिठूळ. त्या वर्षी दिवाळीनंतर कृषी सहायकांनी हवाबंद पोती आणून दाखवली. बाहेरून साधं विणलेलं पोतं, आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या. मका कडक वाळवून भरायचा, वरची हवा दाबून काढायची आणि दोन्ही पिशव्यांची तोंडं पिळून, दुमडून, घट्ट बांधायची. आतली हवा किडेच संपवतात आणि गुदमरून मरतात. औषध लागत नाही.

"फक्त मध्येच सोडून बघू नका," सहायक म्हणाले. "सोडलं की हवा आत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून."

"किती दिवस?" आबांनी विचारलं.

"तीन महिने तरी हात लावू नका."

त्या दिवसापासून आबांनी पारावर, डेअरीवर, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा हे सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. आबांना बोलायला फार आवडायचं. याच आवडीपायी माझं एक स्थळ मोडलं होतं. धुळ्याकडची मंडळी मला बघायला आली होती. आबांनी त्यांना त्यांची कांदाचाळ कशी चुकीच्या दिशेला बांधलीय, हे जेवण होईपर्यंत आणि जेवणानंतरही सांगितलं. ती मंडळी परत आली नाहीत.

मका भरला त्या दिवशी मी घरी होते. धूळ खूप उडत होती. ती कवळीखाली जाऊन टोचायला लागली म्हणून आबांनी कवळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पोत्यात कमरेपर्यंत वाकून दाणे दाबले. असं तीनदा केलं. पोती बांधून झाली, आम्ही हातपाय धुऊन जेवायला बसलो आणि आबांनी खिशात हात घातला.

"दात कोठे गयात?" आईने विचारलं.

आबांनी पोत्यांकडे बघितलं. "मकामा."

आई लगेच उठली, तर आबा पोत्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. "पोतं सोडानं नही."

"आबा, आत्ताच तर बांधलंय," मी म्हटलं. "सोडू, दात काढू, परत बांधू. काय बिघडतं?"

"आज दातांसाठी सोडलं, उद्या अजून कशासाठी सोडाल," आबा म्हणाले. "मी बठ्ठा गावाले सांगेल शे, सोडू नका म्हणून."

आईने मग पोती बाहेरून चाचपून पाहिली. डॉक्टर पोट दाबतो तशी ती एकेक जागा दाबत गेली. पण बाहेरून बोटांना प्रत्येक दाणा दातासारखाच लागत होता. तिने नाद सोडला.

आबा दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागले. शेवभाजीतली शेव रश्श्यात पार विरघळेपर्यंत ताटापुढे वाट बघत बसायचे. बोलताना अर्धे शब्द हवेत जायचे, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं. शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, "आबांना काही दुःख आहे का?"

अशात भडगावची मंडळी आली. मुलगा जळगावला पाइपच्या कारखान्यात होता. आम्ही फोनवर बोललो होतो, एकमेकांना पसंतही होतो. उरला होता तो फक्त मोठ्यांचा कार्यक्रम. आबा तोंडावर उपरणं धरून बसले. मुलाचे वडील केळीच्या भावावर बोलले, गिरणेच्या पाण्यावर बोलले आणि आबा प्रत्येक वेळी संथपणे मान हलवत राहिले. मुलाची आई माझ्या आईकडे झुकून म्हणाली, "माणूस मोठा विचारी आहे हो." आईने नजर पोह्यांकडे वळवली.

सुपारी फुटली. आबांनी आपला तुकडा गालात धरून ठेवला. मंडळी उठणार, एवढ्यात मुलाच्या वडिलांची नजर कोपऱ्यातल्या पोत्यांवर गेली. "हे काय नवीन?"

आईने डोळे मिटले. आबांनी उपरणं बाजूला केलं, सुपारी हातावर काढली आणि दाणा वाळवण्यापासून तोंड पिळण्यापर्यंत सगळं सांगितलं. निम्मं कोणालाच कळलं नाही.

"तुमना दात?" मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं.

"आतमा शेतस."

"कोणता पोतामा?"

"ते माहीत नही."

"मंग काढत का नही?"

"हवा जाई."

मुलाचे वडील उठले, पोत्यांजवळ गेले, एका पोत्याचं घट्ट बांधलेलं तोंड त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. मला वाटलं, हेही स्थळ गेलं. ते वळले आणि म्हणाले, "बरोबर शे. आते सोडानं नही." लग्नाची तारीखसुद्धा त्यांनी पोती उघडल्यानंतरची धरायला लावली. माझी आई आणि मुलाची आई, दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या दोघींची खरी मैत्री तिथून सुरू झाली.

लग्नाच्या आठवडाभर आधी पोती उघडायची ठरली, तेव्हा भडगावहून चारजण मुद्दाम आले. दात दुसऱ्या पोत्यात मधोमध सापडले, पिवळट धूळ बसलेले, पण शाबूत. थोडे सोंडे निघाले तेही मेलेले. मका जसा भरला होता तसाच होता. माझ्या सासऱ्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले. आबांनी दात धुतले, बसवले आणि बोलायला तोंड उघडलं, तर कवळी खाली निसटली. अमळनेरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधल्या काळात हिरड्या बदलल्या आहेत, नवी कवळी करावी लागेल आणि ती लग्नाआधी होणार नाही.

लग्नाच्या सगळ्या फोटोंत आबा ओठ घट्ट मिटून उभे आहेत. सासरकडचे काही नातेवाईक अजून मला बाजूला घेऊन विचारतात की तुझ्या वडिलांना हे स्थळ पसंत नव्हतं का.

आता भडगावच्या घरीही हवाबंद पोती आहेत. ती भरायच्या दिवशी सासरे आम्हा सगळ्यांना ओसरीवर बोलावतात आणि मध्ये एक परात ठेवतात. चष्मा, मोबाइल, अंगठ्या, किल्ल्या, जे असेल ते त्यात काढून ठेवायचं, मगच मक्याला हात लावायचा. गेल्या वर्षी एक पाहुणे नुसते चहाला आले होते. त्यांनाही घड्याळ काढायला लावलं, आणि त्यांनी मुकाट्याने काढलं.