टोकणं

कॅनडात वॉटर्लूला आलो तेव्हा मी सॉफ्टवेअर टेस्टर होतो. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हीच नोकरी. ऑफिसात त्याला करेक्शन म्हणत आणि पाठ थोपटत. घरी बायको त्यालाच टोकणं म्हणायची.

२००६च्या उन्हाळ्यात मी तिला गाडी शिकवायला घेतली. शेजारच्या केंब्रिज गावातल्या एका लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली होती, पण बसनं जायचं तर दोन तास मोडत. हिवाळ्याआधी लायसन्स झालं नाही तर नोकरी हातची जाणार होती. रविवारी संध्याकाळी दुकानं बंद झाली की प्लाझाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही आमची जुनी निळी गाडी फिरवायचो. सोबत थर्मासमध्ये चहा आणि डब्यात चिवडा. त्या संध्याकाळी आठवल्या की अजून जीव हळवा होतो. तेव्हा मात्र माझ्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे.

"शोल्डर चेक कर, मान वळवून मागे बघ. अगं, किती उशिरा ब्रेक?"

तिनं दोनदा रोड टेस्ट दिली, दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा घरी आल्यावर तिनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"तू शेजारी नसलास तरी तुझा आवाज ऐकू येतो मला," ती म्हणाली. "आता दुसरं कुणीतरी शिकवू दे."

मी आठवडाभर फुगून बसलो. तिनं एका म्हाताऱ्या सरदारजींकडे शिकवणी लावली. वळण चुकलं तर ते एवढंच म्हणत, "कोई बात नहीं बेटा, एक चक्कर और." मला हा निव्वळ ढिसाळपणा वाटायचा. तिसऱ्या टेस्टला ती पास झाली.

नोकरीच्या पहिल्या सकाळी बर्फ भुरभुरत होता. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून दिला आणि ओठ घट्ट मिटून हात हलवला. तिचा फोन येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. नऊला तो आला.

"पोचले."

"काही चुकलं नाही ना?" राहवेना म्हणून मी विचारलंच.

"चुकलं की. दोनदा रस्ता चुकले." ती हसत होती. "एकटीच होते ना, मजा आली."

गाडी चालवण्यात मजा असते हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं. तो अख्खा उन्हाळा ती माझ्या शेजारी बसून नुसती घाबरत होती, आणि नेमकं तेच माझ्या नजरेतून सुटलं होतं.