डिर्क साहेबांचा ‘बघतो’

कुणी ‘इन्शाल्ला’ म्हटलं की डिर्क साहेब खिशातलं पेन काढून टोपण उघडत आणि विचारत, “किती वाजता?” एसीवाला म्हणायचा, “टुमॉरो, सर, इन्शाल्ला.” साहेब वही सरसावून, “टुमॉरो, किती वाजता?” तो बिचारा घाबरून “दहा” म्हणायचा आणि खरोखरच दहाला हजर व्हायचा. साहेब अबुधाबीत नेदरलँड्सचे राजदूत होते आणि मी त्यांची सेक्रेटरी, नफीसा, मूळची रत्नागिरीची.

त्यांना मराठीतला एकच शब्द यायचा आणि तो मीच शिकवला होता. मी फोनवर आईला “बघते गं” म्हणत होते, तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. मी घाईत म्हटलं, “आय अ‍ॅम लुकिंग, सर. तुम्ही ‘बघतो’ म्हणायचं.” आपल्याकडे ‘बघतो’ म्हणणारा माणूस पुन्हा त्या कामाकडे ढुंकूनही बघत नाही, हे सांगायचं राहून गेलं. साहेब मात्र खूश. दिवसभर आरशासमोर उभं राहिल्यासारखे ‘बघतो, बघतो’ घोकत होते.

त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ सलीम फुजैराच्या समुद्रात अडकला. त्याचं तेलवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. मालक कंपनीने फोन उचलणं बंद केलं होतं आणि माणसांना जहाज सोडून उतरता येत नव्हतं. अकरा जण होते. सलीम फोनवर म्हणायचा, “आपा, पाण्याला गंजाचा वास येतोय. दाऊदचाचा अंगात ताप असताना त्याच पाण्यात भात शिजवतात.” दाऊदचाचा जहाजावरचे आचारी, आमच्या शेजारच्या गावचे. मी दिसेल त्या ऑफिसचे उंबरे झिजवले. मालक डच आहे असं कळलं तेव्हा लाज सोडून साहेबांपुढे रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश, जपून म्हणाले, “बघतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसला आलेच नाहीत. तोंड चुकवतायत, दुसरं काय! दुपारी सलीमचा फोन आला.

“आपा, एक म्हातारा गोरा लाँचमधून आलाय. एवढ्या उन्हात टाय! वर चढायची परवानगी नाही, तर खालूनच ओरडतोय, सलीम कोण? पाणी किती आहे? किती वाजेपर्यंत पुरेल?”

संध्याकाळी ते परतले तेव्हा नाकाची सालं निघाली होती. “सर, तुम्ही स्वतः गेलात?”

“मी बघतो म्हटलं होतं ना? या खुर्चीतून काय दिसणार?” मग बुटांवरचं समुद्राचं मीठ झाडत त्यांनी मला आपली हकिगत सांगितली. आधी शाळामास्तर, मग एका छोट्या गावाचे महापौर, मग खासदार, आणि अकरा महिने मंत्री. मंत्री असताना एका कोळिणीचं पत्र आलं होतं, नवऱ्याची होडी धड नाही, तपासणी करा म्हणून. साहेबांनी छापील उत्तरावर सही केली होती: ‘आपल्या प्रकरणात लक्ष घातले जात आहे.’ होडी बुडाली. “मी लक्ष घातलंच नव्हतं, नफीसा. संसदेत उभं राहून तेच सांगितलं आणि राजीनामा देऊन घरी गेलो.”

दोन दिवसांत जहाजावर पाणी पोचलं. मग साहेब रोज सकाळी त्या मालकाला फोन लावायचे आणि विचारायचे, “आज किती वाजता?” जहाजावर झेंडा दुसऱ्याच देशाचा, माणसं भारताची, तुमचा संबंध काय, असं त्यांना लोक तोंडावर विचारत. तीन आठवड्यांनी सुटका झाली. साहेब धक्क्यावर उभे राहून उतरणारी माणसं मोजत होते. दहा मोजून झाल्यावरही बोट हवेतच राहिलं. दाऊदचाचा चार दिवसांपूर्वी तापातच गेले होते.

घरी आल्यावर सलीमने सांगितलं, “चाचांनी त्या दिवशी वरून विचारलं होतं, ‘साहब, घर भेजोगे ना?’ मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब चाचांकडे बघून हसले आणि चक्क मराठीत म्हणाले, ‘बघतो.’ चाचा म्हणाले, ‘खलास. हाही आपल्यातलाच निघाला.’ आत जाऊन पडले ते पडलेच. नंतर धड जेवलेही नाहीत.”

भाऊ माझा परत आला होता आणि शब्दही माझाच होता.

महिन्याभरात साहेबांनी राजीनामा दिला, आयुष्यातला दुसरा. निघताना माझ्या टेबलाशी थांबले. “त्या म्हाताऱ्याला मी मुद्दाम तुमच्या भाषेत उत्तर दिलं. ऐकून तो आत निघून गेला. त्याला समजलं असेल ना, मी येणार आहे म्हणून? होय की नाही?”

खरं सांगायला मी धजले नाही.

“इन्शाल्ला, सर,” मी म्हटलं.

त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तसाच खाली आला.