तो गाय

आमच्या एजवेअरच्या घरात नवरा मराठी व्याकरणाचा पोलीस होता. लेक 'माझा पेन्सिल' म्हणाली की हा लगेच 'माझी'. ती 'तो भाजी' म्हणाली की 'ती भाजी'. लेक नऊ वर्षांची, लंडनमध्येच जन्मलेली. एक दिवस तिने मराठी बोलणंच सोडून दिलं. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. असं वर्ष उलटलं. नवऱ्याला ते फार लागलं होतं. तिने एकदा तरी आपल्याशी मराठीत बोलावं म्हणून तो नाना युक्त्या करायचा, आणि चुकून एखादा शब्द तिच्या तोंडून निघालाच तर तोही दुरुस्त करायचा. मी कपाळाला हात लावायचे.

त्या उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसातल्या एका स्पॅनिश मित्राने आम्हाला आपल्या आईच्या गावी जत्रेला बोलावलं. तिथे रस्त्यात बैल सोडतात हे ऐकून नवरा फुललाच. आजोळी पोळ्याला आपण बैलजोडी कशी मिरवायचो, हे त्याने ल्यूटनच्या विमानतळापासून थेट स्पेनपर्यंत ऐकवलं. लेकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बट बाबा, यू आर स्केअर्ड ऑफ नेक्स्ट डोअर्स डॉग."

गावात पोचलो तर चौकाच्या कडेने जाड लोखंडी गजांचे पिंजरे उभे केलेले. पिंजऱ्यात माणसं आणि बैल मोकळा, ही व्यवस्था मला भलतीच आवडली. गजांमध्ये माणूस अंग चोरून आत सटकेल एवढीच फट. बँड वाजत होता, म्हाताऱ्या बायका बाल्कनीत खुर्च्या टाकून बसल्या होत्या, अनोळखी लोक आमच्या ओंजळीत शेंगदाणे ओतत होते. मग आकाशात एक बाण फुटला आणि कोपऱ्यावरून काळा बैल आला. तो आमच्या गजांसमोरून गेला तेव्हा पायाखालची जमीन हादरली. मी, एरवी ट्यूब रेल्वेत मोबाइलवरसुद्धा हळू बोलणारी बाई, घसा बसेपर्यंत ओरडले. मला इतका आनंद झाला होता की मित्राच्या आईला मी मिठीच मारली. बैलाचं पुढे काय करतात, हे मी भीतभीतच विचारलं. इथे मारत नाहीत, संध्याकाळी ट्रकमधून परत रानात जातो, असं मित्राने सांगितलं. मग काय, मी आणखी जोरात ओरडायला मोकळी झाले.

बैलानंतर हौशी लोकांसाठी एक तरणी गाय सोडली. शिंगांच्या टोकांना गोळे बसवलेले, अंगाने बेताची. गावातली माणसं तिच्यासमोर नाचत होती, ती वळली की पळत होती. लेक नवऱ्याकडे एकटक बघत होती. शेजारचं कुत्रं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी हात धरायच्या आत नवरा फटीतून बाहेर.

गाय वळली. सगळे पळाले. आमचे हे मात्र चौकाच्या मधोमध उभे राहिले, तळहात पुढे केला आणि बैलांना थांबवायला आजोळी म्हणत तसं "होऽऽ, होऽऽ" म्हणू लागले. त्या गायीला मराठी कुठून येणार? तिने ह्यांना सरळ आडवं केलं, पुढे गेली आणि पुन्हा वळली. मित्र टोपी हलवत तिला दुसरीकडे ओढू पाहत होता. तेवढ्यात माझ्या शेजारून, गजांना लोंबकळून, लेक जिवाच्या आकांताने ओरडली.

"बाबा, ऊठ. तो गाय आला. बाबा, तो परत आला, पळ."

हे उठले, पळाले आणि फटीतून आमच्या अंगावरच येऊन पडले. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोललेलं, बाकी ठीक. मी आधी तपासलं आणि मग शिव्या घातल्या. लेकीने त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता आणि वर्षभराचं मराठी एकदम बाहेर पडत होतं.

"तो गाय किती जोरात आला. त्याचा शिंग तुला लागला. मला वाटला तू मेला."

एकही शब्द जागेवर नव्हता. नवऱ्याने तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता एक अक्षर जरी दुरुस्त केलंस, तर मीच तुला परत बाहेर ढकलीन.

"हो ना गं," तो धापा टाकत म्हणाला, "केवढा मोठा होता तो गाय."