मारक्याचं दावं

संतोषशेठनं नवनाथला लोखंडी झाऱ्यानं मारलं. कळंबजवळ शेठचं रिसॉर्ट आहे, तिथं नवनाथ चुलीवरचं मटण करायचा. त्या रविवारी पाहुण्यांनी मटण कच्चं म्हणून ताटं परत पाठवली आणि शेठचं डोकं फिरलं. पहिला फटका कानावर बसला. कान फाटला, रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरलं. दुसरा पाठीवर. तिसऱ्याला नवनाथ खाली वाकला आणि शेठचा हात झाऱ्यासकट दगडी खांबावर आदळला. मनगट मोडलं. चुलीपाशी त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. नवनाथनं बोटसुद्धा उचललं नव्हतं. कान दाबून धरून तो तसाच चालत वाडीवर गेला.

कर्जतला फराह वकीलबाईंच्या ऑफिसात मी टायपिंग करतो. ही हकिगत मी इतक्यांदा टाइप केलीय, आणि दरवेळी माझे दात आवळले गेलेत. माणसाला मारायचं आणि वर त्याचंच नाव काळं करायचं, असल्या लोकांची मला चीड आहे. राहवत नाही म्हणून सांगतो.

शेठ प्लास्टर गळ्यात अडकवून गावभर हिंडला. नवनाथनं हात मोडला, म्हणाला. त्यानंतर नवनाथ कुठंही काम मागायला गेला, की तिथला मालक आधी शेठला फोन लावायचा आणि मग तोंड फिरवायचा. कळंबला तसंच, नेरळला तसंच. शेवटी तो शिळफाट्याला लियाकतभाईंच्या खानावळीत गेला. लियाकतभाईंनीही फोन लावला, पण त्याच्यासमोर, स्पीकरवर.

"हाताला चव हाय," शेठ म्हणाला. "पन भाई, मारका हाय त्यो."

मारका म्हणजे अंगावर धावून शिंगं मारणारा बैल. हा शब्द एकदा लागला, की त्या जनावराला कुणी आपल्या दारात बांधून घेत नाही. नवनाथ घरी आला आणि कोयत्याला धार लावायला बसला. त्याच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, कोयत्यावर पाय ठेवला.

"त्याला मारशील, जेलात जाशील. पोरींना मी काय घालू? तेवढं सांग आन् मग जा."

लियाकतभाईंनी मात्र तो फाटका कान पाहिला होता. मारणाऱ्याचा कान कसा फाटला, हे त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी नवनाथला टेंपोत घालून ते आमच्याकडे घेऊन आले. फराहबाई त्यांची भाची.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "शेठनं खरं समजून, दुसऱ्या मालकाला सावध करायला म्हणून सांगितलं असेल, तर कायदा त्याला सांभाळून घेतो," त्या म्हणाल्या. "खोटं आहे हे माहीत असून सांगितलं, हे आपल्याला दाखवावं लागेल. आपण बदनामीचा दावा लावू. आणि नवनाथभाऊ, दावा आहे तोवर तुमचा हात उठता कामा नये. उठला, की शेठ खरा ठरला."

नवनाथनं फाटक्या कानाला हात लावला. मग म्हणाला, "मारका त्यो म्हनला, आन् दावं मलाच लावता व्हय?"

गुरं बांधायच्या दोरीला दावं म्हणतात. बाई हसल्या, लियाकतभाई हसले, मीही हसलो. नवनाथ हसला नाही.

नोटीस पोचली आणि शेठ दोन माणसं घेऊन भरदुपारी वाडीवर आला. जीप चढ चढताना दिसली तेव्हा नवनाथ अंगणात लाकडं फोडत होता. हातात कुऱ्हाड होती. ती त्यानं घरात भिरकावली, खुंटीवरचं दावं काढलं आणि मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला.

"बांध गं," तो भाग्यश्रीला म्हणाला.

"येडा झालास का रं?"

"बांध. नायतर त्याला जिता सोडायचा नाय मी."

तिनं रडत रडत त्याचे हात खांबामागं बांधले.

मग त्या तिघांनी त्याला मारलं. नाक फुटलं, पुढचे दात पडले, बरगडीत लाथा बसल्या. शेजारची जना आडवी आली, तिला केसांना धरून फेकलं. वाडीतले लोक काठ्या घेऊन धावले, तर नवनाथच रक्त थुंकत ओरडला, "कुनी हात लावू नका." तो गयावया करेना, म्हणून शेठ अजूनच पिसाळला. मागं जाऊन त्यानं बांधलेल्या हाताची बोटं धरली.

"तुझ्यापायी खांबावर माझा हात मोडून घेतला मी. आता तुझा मोडतो."

आणि मोडली. दोन बोटं. पण ते शब्द साऱ्या वाडीनं ऐकले होते, आणि दाव्याला नेमके तेच हवे होते.

निकाल नवनाथच्या बाजूनं लागला. आज तो शिळफाट्याला लियाकतभाईंची चूल सांभाळतो, तिरक्या बोटांनी. पण मला निकालापेक्षा उलटतपासणी आठवते. शेठच्या वकिलानं विचारलं, "बांधलेलं नसतं, तर तुम्ही माझ्या अशिलाला मारलं असतं का?"

फराहबाई हरकत घ्यायला उठेपर्यंत नवनाथ बोलून गेला होता.

"मारलं असतं. मेला असता त्यो."

वकील खूश होऊन खाली बसला. मला वाटलं, गेला दावा. न्यायाधीशबाईंनी नवनाथकडे पाहिलं. "मग बांधून का घेतलंत?"

नवनाथनं बाह्या वर सारल्या. दावं मांसात रुतल्याचे वण दोन्ही मनगटांवर होते.

"दावा लावला व्हता ना, बाई," तो म्हणाला. "मग बांधून ऱ्हायला नको?"