आईच्या तोंडी न येणारा शब्द

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या दिग्रसच्या वस्तीत रोज संध्याकाळी वंदना होऊ लागली, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा असे. वडील कापसाच्या जिनात कामाला होते. ते वारले आणि आई वंदनेला गप्प बसू लागली. ओठसुद्धा हलत नसत. मी तेव्हा विशीतला, चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. पत्रके वाटायची, चौकात मोठ्याने वाचायची आणि वाद निघाला की मागे हटायचे नाही, एवढेच मला ठाऊक. शेजारची काकू एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "लेक गावाले शिकवते अन् माय मुकी बसते." लोक हसले. ते मला फार लागले. आई पुन्हा जुन्या देवांकडे वळली की काय, अशी शंका मनात घर करून बसली.

घरी खोदून विचारले तेव्हा ती बोलली, "तुह्या बापाले सरणावर ठेवलं ते म्या पाह्यलं, बाबू. आता तेच सरण मले रोज तोंडानं म्हणायले लावतं काहून?"

वंदनेतल्या 'बुद्धं सरणं गच्छामि'मधले पाली 'सरणं' तिला चितेचे सरण म्हणून ऐकू येत होते. मी तिला जवळ घेतले नाही, व्याकरण शिकवले. पालीत सरण म्हणजे आश्रय, असे महिनाभर सांगत राहिलो. ती मान हलवी आणि संध्याकाळी पुन्हा गप्प. शेवटी तिला काशीजवळ सारनाथला न्यायचे ठरवले. तथागतांनी पहिला उपदेश केला त्या हरणांच्या बागेत तरी ती म्हणेल, असे मी घरात सांगितले. वस्तीची तोंडे बंद व्हावीत, हे खरे कारण होते. ते आज कबूल करतो.

धामणगावला रेल्वे धरली आणि गाड्या बदलत काशीला पोचलो. यात्रेकरूंचे लोंढे गंगेकडे निघाले होते, आम्ही दोघे टांग्यात उलट दिशेला. ती बाग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मोठा स्तूप, विटांचे जुने चौथरे, मधे मोकळी हिरवळ, आणि सुटीच्या दिवशी फिरायला यावे तशी निवांत बसलेली माणसे. आईने आल्या आल्या विचारले, "हरणायची बाग म्हणे ना तू? मंग हरणं कुठी हायेत?"

स्तूपासमोर भर उन्हात तिला बसवले आणि म्हणालो, म्हण आता. तिने हात जोडले, पण शब्द येईना. मी म्हणून दाखवले, मग आवाज चढवला. तुझ्यामुळे मला खाली मान घालावी लागते, असेही बोलून गेलो. तिचे डोळे भरले आणि बसल्या जागी ती एका अंगावर कलली. त्या परक्या गावात हाक मारावी असे कोणी नव्हते.

गवत कापणारा एक म्हातारा माळी विळा टाकून आला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. "माई, धूप में काहे बैठी हो? पेड़ की सरन में आ जाओ," म्हणाला आणि एका बाजूने तिला धरून कडुनिंबाखाली नेले. लोटा भरून आणला. आईने सवयीने ओंजळ पुढे केली, कारण आम्हाला गावात पाणी न शिवता वरून ओतूनच मिळत आले होते. त्याने लोटाच तिच्या हातात दिला.

पाणी पिऊन तिने वरच्या फांद्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "झाडाच्या सरणात ये म्हणे ना तो?"

मी म्हटले, हो. सावलीत ये म्हणाला.

"मंग असं सांगत जाय ना. निस्तं पुस्तक वाचतं."

आणि कोणी न सांगता तिने हात जोडले. तीनदा म्हणाली, थांबत थांबत, एकही शब्द न गाळता. माळी शेजारी उभा राहून ऐकत होता. दरवेळी पुढे म्हणणारा मी, त्या दिवशी तिच्या मागून म्हणत होतो.

चमत्कार मी मानत नाही. माळ्याच्या बोलीत 'सरन' हा शब्द रोजचाच असेल. पण माझे सगळे बोलणे संपले होते तेव्हा तो आला, एवढे मला पुसून टाकता येत नाही. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. आईला शरण जायला शिकवतो म्हणत मी तिला इतक्या दूर नेले होते, आणि शिकलो मीच. त्या झाडाखाली माझा आवाज पहिल्यांदाच खाली आला आणि मला हलके वाटले.