नामूरमधला जोगवा

येरमाळ्याच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन अर्जही भरून देतो. अर्जदाराच्या जागी दुसऱ्याचं नाव पडलं की अर्ज बाद, हे मी रोज दहाजणांना दरडावून सांगतो. आणि स्वतः अर्ज करायची वेळ आली, तीही डोंगरावरच्या येडेश्वरी देवीच्या पायाशी, तेव्हा मी नेमकी तीच चूक केली. आमच्या ऋतुजाचा बेल्जियमचा व्हिसा अडकला होता. हात जोडून, डोळे मिटून मी बोलून गेलो, "आई, पोरीचा व्हिसा होऊ दे, ऋतुजा पाच घरी जोगवा मागेल." पोरीला विचारलं नव्हतं, हिला, म्हणजे बायकोलाही सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांत व्हिसा आला. मग बॅगेचं वजन, चटण्या, स्वेटर या धांदलीत नवस माझ्या डोक्यातून साफ उतरला. आठवला तेव्हा ती विमानात बसली होती.

आमच्याकडं मंगळवारी-शुक्रवारी देवीचं करणाऱ्या बाया परडी, म्हणजे वेताची टोपली घेऊन दारात येतात आणि जोगवा मागतात. घरातली बाई पसाभर पीठ आणि चिमूटभर मीठ परडीत घालते. नवसाचा जोगवा असेल तर पाच घरी मागायचा, मिळेल ते शिजवायचं, देवीला दाखवायचं आणि मग खायचं. मागणारा घरचा कितीही मोठा असला तरी त्या वेळी मान खाली. मला वाटलं, पोरीच्या वतीनं मीच मागून टाकावा. डोंगरावर देवळाच्या पायऱ्यांशी देवीची सेवा करणारी एक म्हातारी आराधीण बसते, तिला विचारून घेतलं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाली, "नाव पोरीचं घेतलं न्हवं? मग पोरीनंच मागायचा. जेवनार ती अन् हात तुमी धुनार व्हय?" मी म्हटलं, मावशी, पोरगी लई लांब हाय. ती म्हणाली, "तुमाला लांब. तिला न्हाय." आता 'तिला' म्हणजे पोरीला की देवीला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. घरी येऊन गप्प बसलो. गप्प बसण्यात मी तसा तरबेज आहे.

ऋतुजा कृषी पदवीधर. मातीचा अभ्यास करायला ती नामूर नावाच्या गावी गेली होती. वर्गात इंग्रजी चालायचं, पण वर्गाचं दार ओलांडलं की सगळं फ्रेंच. सुरुवातीला ती रोज व्हिडिओ कॉल करून नदी दाखवायची, डोंगरावरचा किल्ला दाखवायची. मग कॉल दोन दिवसांआड आले, मग चार. चेहरा उतरलेला दिसायचा. विचारलं की अभ्यास आहे म्हणायची. शिकल्यासवरल्या माणसानं असं म्हणू नये, पण मला आतून वाटत होतं की राहिलेला नवस पोरीला टोचतोय. आणि खरं सांगायचं तर देवीपेक्षा मला हिचीच भीती जास्त होती.

थंडी पडायला लागली तेव्हा एका बुधवारी दुपारी तिचा फोन आला. सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन नाव काढून घेणार आणि परत येणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. म्हणाली, "पप्पा, मला इथं कुणी मारत नाही, कुणी बोलत पण नाही. तीन-तीन दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही." ही पदर तोंडाला लावून बसली. माझ्याकडं एरवी अशा प्रसंगासाठी भाषणं तयार असतात. जिद्द, चिकाटी, आपल्या घराण्याचं नाव, सगळं. त्या दिवशी ती सगळी बाजूला राहिली. जे तोंडात होतं तेच बाहेर आलं. मी नवसाची सगळी हकिकत कबूल केली.

हिनं माझ्याकडं असं पाहिलं की नजरेनंच झेरॉक्स काढावी.  मग पोरगी हसली. किती दिवसांनी हसली, देव जाणे. आणि मग चिडली. "पप्पा, शेजारच्या पोरीला हाय म्हणायला लागू नये म्हणून मी कानोसा घेऊन दार उघडते, आणि तुम्ही पाच दारं ठरवून बसलात?" मी म्हटलं, राहू दे बाळा, तू ये, देवीला काय सांगायचं ते मी सांगेन. त्यावर ती जरा थांबून म्हणाली, "नको. जायचंच आहे तर देवीचं देणं ठेवून नको जायला. शुक्रवारी मागते, सोमवारी नाव काढते."

शुक्रवारी मी दुकानात तीन अर्ज चुकवले. दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या वेळी फोन आला, आणि जे ऐकलं ते तिनं सांगितलं तसंच लिहितो.

परडी नव्हती म्हणून तिनं पाव ठेवायची टोपली घेतली आणि तिला कुंकू लावलं. स्वतःच्या कपाळालाही लावलं. समोरच्या खोलीत कांगो देशातली एक मुलगी राहायची. तिच्या दारापुढं ऋतुजा दहा मिनिटं नुसती उभी होती. शेवटी दार वाजवलं आणि इंग्रजीत म्हणाली, आमच्याकडं देवीसाठी घरोघर मागतात, वाटलं तर द्या, नाही म्हटलं तरी चालेल. त्या मुलीनं दोन मुठी तांदूळ घातले, पायात चपला सरकवल्या आणि पुढं काय होतं ते बघायला बरोबर निघाली. पुढच्या दारात मोरोक्कोच्या मुलीनं रवा दिला, तीही निघाली. एका उंच मुलानं मॅकरोनीचं अर्धं पाकीट दिलं आणि घरात याहून बरं काही नाही म्हणून माफी मागितली. नंतरच्या दारातल्या माणसानं टोपलीकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. तिथून ऋतुजा परत फिरली. पण बरोबरच्या दोघींनी तिला ओढून वरच्या मजल्यावर नेलं. तिथं एक कांदा मिळाला. चार घरं झाली.

पाचवं दार तळमजल्यावरच्या म्हातारीचं. सगळी इमारत तिला वचकून असायची. ऋतुजाच्या फोडणीच्या वासाची तक्रार तिनं दोनदा केली होती. बाकीच्या दोघी जिन्यातच थांबल्या. म्हातारीनं दार उघडलं, टोपली पाहिली, कुंकू पाहिलं, आणि काही न विचारता आत गेली. पोरीला वाटलं, आता तिसरी तक्रार. म्हातारी वाडगा घेऊन आली. टोपलीत पीठ ओतलं. मग वरून चिमूटभर मीठ सोडलं.

पीठ-मिठाचं ऋतुजानं कुणालाही सांगितलं नव्हतं. ती तिथंच रडायला लागली. मग मोरोक्कोच्या मुलीनं पुढं येऊन म्हातारीचं फ्रेंच बोलणं समजावून सांगितलं. म्हातारीच्या लहानपणी थंडीच्या दिवसांत पोरं टोपल्या घेऊन, गाणी म्हणत दारोदार यायची, आणि तिची आई त्यांना हेच घालायची. हल्ली कुणी मागायलाच येत नाही. म्हातारीनं पोरीला हात धरून आत नेलं, हीटरजवळ बसवलं आणि कॉफी दिली. संध्याकाळी तांदूळ, रवा, मॅकरोनी, कांदा एकाच भांड्यात शिजलं आणि त्या पिठाच्या भाकरी झाल्या. देवीला दाखवून सगळे जेवले. म्हातारी वर आली ती स्वतःची खुर्ची घेऊन, आणि खुर्ची उचलायला तो मॅकरोनीवाला. चव कशी होती, हे मी विचारलं नाही.

सोमवारी ती ऑफिसात गेली नाही. आता दर शुक्रवारी म्हातारीकडं फ्रेंच शिकते, आणि म्हातारी फोडणी द्यायला शिकलीय. दुसरं वर्ष चालू आहे.

हा चमत्कार होता की नाही, ते मला ठरवता येत नाही. एवढं खरं, की मी पोरीला पोहायला शिकवलं, गाडी शिकवली, कुणापुढं हात पसरायचा नाही हेही शिकवलं. जे शिकवायचं राहिलं होतं, ते देवीनं माझ्या चुकीतून करून घेतलं. रिकामी टोपली घेऊन दारात उभं राहायचं, आणि आत काय आहे ते दार उघडणाऱ्यावर सोडायचं. मी पुन्हा डोंगर चढून गेलो तेव्हा नुसता हात जोडून उभा राहिलो. बरं वाटलं.

घरी मात्र येईल त्या पाहुण्याला मी देवीचा महिमा रंगवून सांगत होतो. हिनं दोन-तीनदा ऐकून घेतलं. मग एकदा पाहुणे गेल्यावर कपबशा उचलता उचलता म्हणाली, "देवीनं केलं ते केलंच. पण अहो, त्या बाईनं आपल्या पोरीला हात धरून आत बसवलं. मी लग्न होऊन आल्यापासून परडीत पीठ घालते, ते उंबऱ्याच्या आतून. 'या, बसा' असं एकीलाही म्हटलं नाही. येत्या मंगळवारी मी चहा टाकणार आहे. दूध जास्त आणा."